छोटी वेधशाळा : काय करावे, काय टाळावे

सरकते छप्पर, काँक्रीटचा खांब आणि सहा ते दहा इंची दुर्बीण असलेल्या, महाराष्ट्र-गोव्यातल्या गच्चीवरच्या किंवा शेतातल्या वेधशाळेसाठी.

काय करावे

जागा आणि बांधकाम

• दुर्बिणीच्या खांबाला स्वतंत्र पाया द्या आणि खांब व फरशी यांच्यात बोटभर फट ठेवा; नाहीतर प्रत्येक पावलाचा हादरा प्रतिमेत दिसतो.
• गच्चीवर खांब उभारायचा असेल तर तो इमारतीच्या कॉलमवर किंवा बीमवरच घ्या, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.
• वॉटरप्रूफिंग खांब बसवल्यानंतर करून घ्या; खालच्या घरात गळती झाली तर वेधशाळा बंद पडायला तेवढे कारण पुरते.
• उत्तरेची भिंत बुटकी ठेवा. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो.
• दक्षिणेची भिंत त्याहून बुटकी ठेवा. ओमेगा नरतुरंग हा गोलाकार गुच्छ पुण्यात याम्योत्तर वृत्तावर आला तरी २४ अंशांवरच असतो, अगस्त्य तर १९ अंशांवर. दक्षिणेचे हे आकाश युरोपातल्या निरीक्षकाला मिळत नाही. ते भिंतीआड घालवू नका.
• विषुववृत्तीय माउंट विकत घेण्याआधी त्याचा अक्षांशाचा पल्ला तपासा. काही माउंट २० अंशांच्या खाली झुकत नाहीत, आणि रत्नागिरी १७ वर, पणजी साडेपंधरावर आहे.
• माउंट खाली झुकवल्यावर प्रतिभाराचा दांडा खांबाला घासतो का, हे दुकानातच फिरवून पाहा.
• छपराला चारही कोपऱ्यांवर आतून खटके लावा. वळवाच्या पावसाआधीचा वारा हलका पत्रा सहज उचलतो.
• छप्पर सरकण्याआधी दुर्बीण आडवी झाली आहे याची खात्री करणारा स्विच बसवा. मोटर नसेल तर दारावर तशी पाटी लावा.
• पत्र्याला बाहेरून पांढरा रंग द्या आणि आतून उष्णतारोधक थर लावा. एप्रिलमधली दुपार रात्री अकरापर्यंत पत्र्यात राहते.
• नळीच्या प्रत्येक उघड्या तोंडाला आणि भोकाला बारीक जाळी लावा. कुंभारीण माशी तिथेच मातीचे घर बांधते.
• वायर पाइपातून न्या. उंदीर कुरतडतात आणि पाली सर्किट बोर्डावर जाऊन बसतात.
• अर्थिंग नीट करून घ्या, आरसीसीबी बसवा आणि दुर्बिणीजवळ शक्यतो १२ व्होल्टच वापरा. दव पडलेल्या फरशीवर तुम्ही अनवाणीही असू शकता.
• आतले सगळे दिवे लाल आणि मंद ठेवा, पण पायवाटेवर पाय दिसेल एवढा उजेड असू द्या.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात

• मृग लागण्याआधी सगळी भिंगे, नेत्रिका आणि कॅमेरे वेधशाळेतून घरी आणा. जूनचा पहिला आठवडा ही शेवटची मुदत समजा.
• आणलेली वस्तू आधी पंख्याखाली पूर्ण कोरडी करा, मगच डब्यात ठेवा.
• घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे वापरा आणि प्रत्येकात सिलिका जेल ठेवा. नारंगी दाणे घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे.
• डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि दर पंधरवड्याला काटा पाहा. दाण्यांनी रंग बदलला असेल तर ते सुकवून परत घाला.
• महिन्यातून एकदा भिंगात टॉर्च तिरपा मारून पाहा; कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी आहे, त्या दिवशीच साफ करून घ्या. थांबलात तर ती काचेवरचा लेप खाते आणि तो डाग कायमचा राहतो.
• बुरशी लागलेली वस्तू इतरांपासून वेगळ्या डब्यात ठेवा.
• मोठा आरसा हलवणे शक्य नसेल तर नळीच्या दोन्ही तोंडांना झाकणे लावून आत सिलिका जेल टांगा आणि ते आठवड्याला बदला.
• माउंटच्या मोटरी महिन्यातून एकदा चालवा. म्हणजे ग्रीस एका जागी घट्ट होत नाही.
• विजांच्या दिवसांत प्लग सॉकेटमधून प्रत्यक्ष बाहेर काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. नेटवर्कची केबलही काढा.
• गेल्या हंगामाच्या नोंदी पावसाळ्यातच आवरा. ऑक्टोबरमध्ये आकाश उघडले की त्याला वेळ मिळणार नाही.

आरसा धुताना

• दोन वर्षांतून एकदा धुणे पुष्कळ झाले. थोडी धूळ प्रतिमेला अपाय करत नाही, चुकीचे पुसणे करते.
• अंगठी, घड्याळ काढून ठेवा आणि टबाच्या तळाशी जाड टॉवेल घाला.
• आधी हवेच्या फुग्याने सुटी धूळ उडवा, मग नळाच्या हलक्या धारेखाली आरसा तिरपा धरा.
• डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासण्याच्या साध्या द्रवाचा एक थेंब घाला आणि आरसा दहा मिनिटे त्यात बुडवून ठेवा.
• स्वच्छ कापसाचा बोळा पाण्याखाली आरशावरून नुसता ओढा; वजन कापसाचेच असू द्या, बोटाचे नाही. दर फेरीला नवा बोळा घ्या.
• शेवटचे पाणी डिस्टिल्डच वापरा. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर पांढरे ठिपके ठेवतात.
• आरसा उभा टेकवून आपोआप निथळू द्या. उरलेला एखादा थेंब टिपकागदाच्या कोपऱ्याने टिपा.
• आरसा परत बसवताना मागचे स्क्रू अगदी हलके आवळा. घट्ट दाबलेला आरसा तारे तिकोनी दाखवतो.

रात्रीचे काम

• छप्पर सूर्यास्तालाच उघडा आणि आरशामागचा पंखा लावा; आरसा हवेइतका थंड होईपर्यंत ग्रह उकळल्यासारखे दिसतात.
• दर रात्री आरशांची जुळणी तपासा: मध्यम तेजाचा तारा किंचित धूसर करा आणि कडी एककेंद्री दिसतात का ते पाहा.
• ध्रुवजुळणी काटेकोर करा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन तृतीयांश अंश दूर आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा जास्त.
• क्षितिजावरच्या धुरक्यात ध्रुवतारा दिसत नसेल तर ताऱ्याच्या सरकण्यावरून जुळणी करायला शिका. आपल्या अक्षांशांवर ही पद्धत पदोपदी लागते.
• डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास द्या.
• नळीला व्यासाच्या दीडपट लांब दवरोधक लावा आणि डिसेंबर-जानेवारीत तापपट्टीही जोडा.
• फोकससाठी बाहतिनोव्ह जाळी वापरा आणि तापमान उतरते तसा दर तासाला फोकस पुन्हा तपासा.
• लक्ष्य याम्योत्तराजवळ असताना मोजा. ३० अंशांच्या खाली हवेचा थर प्रत, म्हणजे ताऱ्याचे तेज, खातो.
• कॅमेऱ्याच्या वायरींना ढील द्या; याम्योत्तर ओलांडताना माउंट उलटतो, तेव्हा त्या अडकतात.
• ज्या रात्री फोटो घेतले त्याच रात्रीच्या तापमानाला डार्क फ्रेम घ्या, आणि कॅमेरा न फिरवता फ्लॅट फ्रेम घ्या.

नोंदी

• दोन तारखा लिहा, ‘१४-१५ जानेवारी’ अशा. नुसती ‘१५ जानेवारीची रात्र’ कोणती, हे पुढच्या वर्षी कळत नाही.
• वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत लिहा: भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा आणि तारीखही बदलते का ते पाहा. पंधरा तारखेला रात्री एक म्हणजे चौदा तारखेचे १९:३०.
• ज्युलियन दिनांक वापरा. तो आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे सबंध रात्र एकाच दिनांकात बसते.
• घड्याळ इंटरनेट किंवा जीपीएसशी जुळवून घ्या आणि जुळवल्याची वेळ लिहा.
• दुर्बीण, नेत्रिका, आकाशाची स्थिती, चंद्र आणि निरीक्षकाचे नाव हे पाच रकाने कधीही रिकामे सोडू नका.
• ‘दिसला नाही’ हीसुद्धा नोंद करा, आणि त्या रात्री दिसलेल्या सर्वांत अंधुक तुलनाताऱ्याची प्रत लिहा. पुढे कोणी ताऱ्याच्या स्फोटाची वेळ शोधताना हीच ओळ कामाला येते.
• एक कायमचा कार्यक्रम हाती घ्या आणि तो वर्षानुवर्षे चालवा. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे लहान दुर्बिणीला सर्वांत योग्य: ययातीतला अल्गोल २.८७ दिवसांच्या चक्राचा, वृषपर्वातला डेल्टा ५.३७ दिवसांचा, तिमिंगलातला मीरा सुमारे ३३२ दिवसांचा.
• उत्तर मुकुटातला टी हा तारा प्रत्येक निरभ्र रात्री एकदा पाहा; १८६६ आणि १९४६ मध्ये तो नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका उफाळला होता.
• प्रत ठरवताना एक उजळ आणि एक अंधुक असे दोन तुलनातारे घ्या, आणि मधले अंतर दहा भागांत मोजा.
• लघुग्रहांच्या पिधानांची (लघुग्रहाने तारा झाकण्याची) पूर्वसूचना आधीच पाहून ठेवा. तुमच्या गावावरून सावली गेली की नाही, हे दुसरा कोणी मोजणार नाही.
• पिधान झाले नाही तरी तसे कळवा. सावलीची कड त्यावरूनच ठरते.
• नोंदी १९११ पासून काम करणाऱ्या अमेरिकन रूपविकारी तारे निरीक्षक संघटनेकडे पाठवा. जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांनी तीन इंची दुर्बिणीने सुरुवात करून तिला ३७,००० हून अधिक नोंदी दिल्या.
• मूळ फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.

माणसे आणि सुधारणा

• पहिला खर्च माउंटवर आणि खांबावर करा, नंतर नेत्रिकेवर, कॅमेऱ्यावर सर्वांत शेवटी.
• एका वेळी एकच बदल करा. दोन केलेत तर कशाने फरक पडला ते कळत नाही.
• जवळच्या मंडळात सामील व्हा: पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. नवख्याने पहिला हंगाम तिथल्या अनुभवी माणसाशेजारी बसून काढावा.
• ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला भेटून जवळच्या दिव्याला टोपी बसवून मागा. दिवा काढा म्हणालात तर नकार येतो, उजेड खाली वळवा म्हणालात तर बहुधा ऐकतात.
• गावच्या शाळेला वर्षातून दोन रात्री द्या, आणि त्या दिवशी गंभीर मोजणीचा बेत ठेवू नका.
• पाहुण्यांना चंद्र आणि शनी आधी दाखवा, अंधुक दीर्घिका शेवटी; काय दिसणार ते नेत्रिकेला डोळा लावण्याआधी सांगा.
• लहान मुलांसाठी पक्का, रुंद स्टूल ठेवा. मुले तोल सावरायला दुर्बीणच धरतात.
• सूर्य दाखवताना गाळणी नळीच्या पुढच्या तोंडाला लावा, चिकटपट्टीने बांधा आणि शोधक दुर्बीण काढून ठेवा. प्रत्येक वेळी गाळणी बल्बसमोर धरून छिद्र पाहा; एक छिद्र दिसले तरी ती फेकून द्या.

काय टाळावे

डोळे आणि जीव

• गाळणीशिवाय दुर्बीण सूर्याकडे, किंवा सूर्याच्या आसपासही, वळवू नका. डोळा क्षणात जातो आणि दुखत नाही.
• काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म, सीडी, दोन गॉगल एकावर एक, यांतले काहीही वापरू नका.
• नेत्रिकेत बसवायची ‘सन’ लिहिलेली काळी काच दुर्बिणीबरोबर मिळाली असेल तर ती फोडून टाका. उष्णतेने ती डोळ्यासमोरच तडकते.
• दिवसा छप्पर उघडे असताना दुर्बीण झाकणाविना सोडून जाऊ नका. सूर्य फिरत फिरत नळीत येतो आणि आग लागते.
• हिरवा लेझर विमानाकडे, रस्त्याकडे किंवा माणसाकडे रोखू नका, आणि मुलांच्या हाती देऊ नका.
• शेतातल्या वेधशाळेत एकट्याने रात्र काढू नका. घरी सांगून जा, बूट घालून जा, दारात पाय ठेवण्याआधी टॉर्च मारा.
• ढगात वीज दिसू लागल्यावर ‘एवढे एक चित्र’ म्हणून थांबू नका.

काच आणि यंत्र

• भिंग रुमालाने, शर्टाच्या टोकाने, पदराने पुसू नका. धुळीतला वाळूचा कण लेपावर ओरखडा काढतो.
• दव पुसू नका. मंद, कोमट हवेने उडवा किंवा त्या रात्रीपुरते थांबा.
• दव पडलेल्या नळीवर झाकण लावू नका, तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. चातुर्मासात बुरशी वाढवायची याहून खात्रीची रीत नाही.
• चामड्याच्या पेटीत भिंगे ठेवू नका. चामडे ओल धरते.
• डास पळवणारे मलम लावलेल्या हातांनी नेत्रिका धरू नका. त्यातले रसायन प्लॅस्टिक विरघळवते.
• वेधशाळेत अगरबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट पेटवू नका. धुराचा थर आरशावरच बसतो.
• दिवाळीच्या रात्री, शेजारी उसाचे पाचट पेटलेले असताना, किंवा कोकणात राब भाजण्याच्या दिवसांत छप्पर उघडू नका; उडणारी काजळी तेलकट असते आणि फुग्याने निघत नाही.
• आत खाऊ-पिऊ नका. मुंग्या येतात, मुंग्यांमागून पाली येतात.
• माउंटच्या दात्यांना शिवणयंत्राचे तेल घालू नका. ते वाहून एन्कोडरवर पसरते.
• अडलेला माउंट हाताने जोर देऊन फिरवू नका. आधी क्लच सोडा, मग काय अडले ते पाहा.
• दुर्बिणीच्या नजरेच्या रेषेत एसीची बाहेरची पेटी, स्वयंपाकघराची चिमणी किंवा दिवसभर तापलेला पत्रा येऊ देऊ नका.

निरीक्षण आणि नोंदी

• जाहिरातीतली ‘६७५ पट’ पाहून दुर्बीण घेऊ नका. आपल्याकडच्या हवेत बहुतेक रात्री दीडशे-दोनशे पटच उपयोगी पडते.
• पहिली दुर्बीण पूर्ण वापरात येण्याआधी दुसरी आणू नका.
• प्रत ठरवण्याआधी कालचा आकडा किंवा दुसऱ्याचा आकडा पाहू नका. नंतर डोळ्याला तेच दिसते.
• तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नका. पाहत राहिले की तो अधिक तेजस्वी वाटू लागतो. झटकन नजर टाका आणि ठरवा.
• नोंद दुसऱ्या दिवशी आठवून लिहू नका.
• जुनी नोंद खोडरबरने पुसू नका. एक आडवी रेघ मारा, शेजारी दुरुस्ती आणि तारीख लिहा.
• वक्ररेषेबाहेर पडलेला बिंदू आवडत नाही म्हणून काढू नका. कारण सापडले तर लिहा, नाही सापडले तर तो तसाच ठेवा.
• तेजमापनासाठी जेपीईजी वापरू नका, ताऱ्याचा मध्य जळू देऊ नका, चित्र ताणून उजळ करून मग मोजू नका.
• नवा तारा सापडला असे वाटले की लगेच कोणाला कळवू नका. आधी दुसरे चित्र घ्या, मग लघुग्रहांची यादी, उपग्रह, कॅमेऱ्याचा तापलेला बिंदू आणि जवळच्या तेजस्वी ताऱ्याचे प्रतिबिंब, या क्रमाने तपासा. तरीही टिकला तर अनुभवी माणसाकडे पाठवा.
• चंद्र असलेली रात्र वाया गेली म्हणून वेधशाळा बंद ठेवू नका. जोडतारे, ग्रह आणि चंद्राने होणारी पिधाने त्याच रात्री पाहायची असतात.
• आज कंटाळा आला म्हणून मोजणीची रात्र बुडवू नका. रूपविकारी ताऱ्याच्या आलेखातली फट नंतर कोणालाही भरता येत नाही.

पाहुणे आणि व्यवस्था

• निरीक्षण चालू असताना पांढरा टॉर्च, मोबाइलची स्क्रीन, गाडीचे हेडलाइट लावू देऊ नका. गाड्या दूरच थांबवा.
• एका वेळी पंधरापेक्षा जास्त माणसे आत घेऊ नका. श्वासाची वाफ आणि अंगाची ऊब दोन्ही प्रतिमा बिघडवतात.
• पाहुण्यांना रंगीत तेजोमेघाचे फोटो आधी दाखवू नका. नेत्रिकेतला करडा ठिपका मग त्यांना फसवणूक वाटते.
• वेधशाळेत पत्रिका, मुहूर्त, साडेसाती यांची चर्चा चालू देऊ नका. शनीबद्दल कोणी विचारले तर शनी दाखवा.
• ग्रहणात घराबाहेर न पडणाऱ्या माणसाला हिणवू नका. गाळणीतून एकदा पाहायला बोलवा.
• ‘कोणी विचारत नाही’ म्हणून लहान मुलाचा प्रश्न टाळू नका. उत्तर येत नसेल तर नोंदवहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी सांगा.
• जमाखर्च एकाच्या खिशातून चालवू नका. वर्षाचा हिशेब भिंतीवर लावा.
• किल्ली, पासवर्ड आणि नोंदवहीची पद्धत एकाच माणसाकडे ठेवू नका. आजच दुसरा माणूस तयार करा. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत देशातली त्या काळची मोठी, वीस इंची दुर्बीण होती. १९१२ मध्ये ती चालवणारे कावसजी दादाभाई नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.